पूर्वग्रहदूषित ज्यूरर आणि लिओ फ्रँक खटला (अटलांटा, १९१३)

तळटीप (धागाकर्ता)

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात १९१३ साली चाललेल्या लिओ फ्रँक खटल्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु बहुतेक लेखन खुनी कोण या प्रश्नाभोवतीच फिरते. मला येथे वेगळा आणि तुलनेने दुर्लक्षित राहिलेला प्रश्न विचारायचा आहे, तो म्हणजे ज्यूरीतील अ‍ॅटिकस हेन्स्ली या सदस्याचा.

ज्यांना खटला ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २६ एप्रिल १९१३ रोजी मेरी फेगन ही तेरा वर्षांची मुलगी एक डॉलर वीस सेंट इतकी आपली थकलेली मजुरी घेण्यासाठी अटलांटाच्या नॅशनल पेन्सिल कंपनीत गेली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला तळघरात तिचे प्रेत सापडले. कारखान्याचा व्यवस्थापक लिओ फ्रँक हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये वाढलेला, कॉर्नेल विद्यापीठात शिकलेला ज्यू तरुण होता. खुनाच्या आरोपावरून २८ जुलैला त्याच्यावर खटला सुरू झाला, २५ ऑगस्टला ज्यूरीने चार तासांच्या आत एकमताने त्याला दोषी ठरवले आणि दुसऱ्या दिवशी न्यायमूर्ती लिओनार्ड रोन यांनी फाशीची शिक्षा सुनावली.

बचाव पक्षाने खटला नव्याने चालवावा असा अर्ज केला आणि त्यात शंभराहून अधिक मुद्दे मांडले. त्यांपैकी एक असा होता की हेन्स्ली आणि मार्सेलस जोहॅनिंग हे दोन सदस्य आधीपासूनच फ्रँकच्या विरोधात होते. हेन्स्ली बग्गी विकणाऱ्या कंपनीचा फिरता विक्रेता होता. फ्रँकवर आरोप निश्चित झाल्यावर अवघ्या दोन-चार दिवसांत अटलांटाच्या एल्क्स क्लबात त्याने या ज्यूला बाहेर काढून फासावर लटकवले पाहिजे आणि आपण ज्यूरीत गेलो तर त्याला नक्की लटकवू, अशा अर्थाचे उद्गार शिवीसकट काढले, असे एका साक्षीदाराने प्रतिज्ञापत्रावर सांगितले. इतर काही जणांनीही अशाच आशयाची प्रतिज्ञापत्रे दिली. हेन्स्लीने उलट शपथेवर सांगितले की आपण जे काही बोललो ते निकालानंतर बोललो. रोन यांनी दोन्ही बाजूंचे कागद पाहून अर्ज फेटाळला.

ज्यूरीतील एका सदस्याचा पूर्वग्रह निकालानंतर उघड झाला तर तो तपासायचा कोणी आणि कसा, आणि बारा जणांचे एकमत असताना एकाच्या पूर्वग्रहाने काही बिघडते का, या दोन प्रश्नांवर सदस्यांची मते वाचायला आवडतील.

---

मोरपिशी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. आरोपीचा हक्क बारा निःपक्षपाती सदस्यांसमोर उभे राहण्याचा असतो, अकरा निःपक्षपाती आणि एका सूडबुद्धीच्या सदस्यासमोर नव्हे. शिवाय एकमताची अट असताना एकटा सदस्यसुद्धा निकाल अडवू शकतो, म्हणजे प्रत्येक खुर्ची आरोपीच्या दृष्टीने जगण्याची एक संधी असते. त्यांपैकी एक खुर्ची आधीच विकली गेलेली असेल तर उरलेल्या अकरांच्या सचोटीने ती परत मिळत नाही.

---

कोर्टपक्षी

मोरपिशी, तत्त्व मान्य आहे, पण घाई करू नका. ही प्रतिज्ञापत्रे निकालानंतर, फाशीची तारीख डोळ्यांसमोर असताना, बचाव पक्षाने गोळा केलेली होती. ज्यांनी ती दिली त्यांतले काही जण फ्रँकविषयी सहानुभूती असलेले होते, असा सरकार पक्षाचा दावा होता. एखाद्या माणसाने क्लबात काय म्हटले याची आठवण काही महिन्यांनी शब्दशः राहते, यावर मी तरी डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही, आणि ते वाक्य निकालाआधीचे की नंतरचे एवढ्या एका तपशिलावर सगळे अवलंबून असताना तर मुळीच नाही. निकालानंतर कोणीही ज्यूरर मोकळेपणाने बोलेलच.

मी हेन्स्लीची बाजू घेत नाही. पण ‘तो म्हणाला’ आणि ‘मी म्हणालो नाही’ यांत एका बाजूची शपथ आपल्याला आवडते म्हणून खरी मानायची, ही सवयही पूर्वग्रहाचीच बहीण आहे.

---

उलटतपासणी

कोर्टपक्षी यांचा आक्षेप रास्त आहे आणि म्हणूनच मला मूळ प्रश्नाचा पहिला भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. परस्परविरोधी शपथा समोर आल्या की खरे-खोटे करण्यासाठी न्यायालयाकडे जे साधन असते तेच येथे वापरले गेले नाही. सगळा निवाडा कागदांवर झाला. ज्यांनी उद्गार ऐकल्याचे सांगितले ते आणि ज्याने ते नाकारले तो हेन्स्ली, यांना पिंजऱ्यात समोरासमोर उभे करून दोन्ही पक्षांच्या वकिलांनी खोदून विचारले असते, तर क्लबात नेमके कोण कोण हजर होते, कोणत्या दिवशी, बोलणे कशावरून निघाले, हे काही प्रमाणात तरी स्पष्ट झाले असते.

याच खटल्यातील दुसरी गोष्ट शेजारी ठेवून पाहा. सरकार पक्षाचा मुख्य साक्षीदार जिम कॉन्ली हा कारखान्यातील झाडूवाला होता. पोलिसांपुढे त्याने वेळोवेळी बदललेले जबाब दिले होते. त्याची उलटतपासणी बचावाच्या वकिलांनी तीन दिवसांत मिळून सुमारे सोळा तास घेतली. साक्षीदाराच्या विश्वासार्हतेसाठी सोळा तास, आणि ज्याच्या हाती निकाल आहे त्याच्या विश्वासार्हतेसाठी एक मिनिटही नाही.

---

राघू

सोळा तास बोलूनही कॉन्ली आपल्या गोष्टीवरून फारसा हलला नाही, हेही सांगा. म्हणजे उलटतपासणी हा काही सत्याचा रामबाण नव्हे. (तुमच्या सदस्यनामाचा अवमान करण्याचा हेतू नाही.)

---

उलटतपासणी

राघू, अवमान झालेला नाही, मात्र नोंद घेतली आहे. :)

---

पानगळ

ज्यूरी निवडताना काय विचारले जात असे, याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

त्या काळच्या जॉर्जियाच्या कायद्यात संभाव्य सदस्यांना विचारायचे प्रश्न ठरलेले होते. पहिला प्रश्न साधारण असा, की गुन्हा प्रत्यक्ष घडताना पाहून किंवा शपथेवर दिलेली साक्ष ऐकून तुम्ही आरोपीच्या दोषाविषयी मत बनवले आहे काय आणि ते बोलून दाखवले आहे काय? पुढे, तुमच्या मनात आरोपीविषयी काही पूर्वग्रह आहे काय? तुमचे मन सरकार आणि आरोपी यांच्यामध्ये पूर्णपणे निःपक्षपाती आहे काय? आणि देहान्ताच्या शिक्षेला तुमचा सदसद्विवेकबुद्धीने विरोध आहे काय?

पहिल्या प्रश्नाची रचना नीट पाहावी. वर्तमानपत्रे वाचून बनवलेले मत त्याच्या कक्षेत येतच नाही. अटलांटातील तीन दैनिके एप्रिलच्या अखेरीपासून या खुनावर जादा अंक काढत होती आणि शहरात साक्षर असा माणूस क्वचितच असेल ज्याने काही वाचले नव्हते. अशा स्थितीत कायदा ज्या एकमेव मार्गाने मत बनणे नाकारतो तो मार्ग जवळजवळ कोणालाच लागू नव्हता, आणि ज्या मार्गाने सगळ्यांची मते बनत होती त्याविषयी कायदा गप्प होता. बाकीच्या प्रश्नांत पूर्वग्रहाची परीक्षा पूर्वग्रहदूषित माणसाच्याच उत्तरावर सोपवलेली होती. मनात विष घेऊन आलेला माणूस ‘होय, माझे मन पूर्णपणे निःपक्षपाती आहे’ असे म्हणाला की चाळणी संपली. त्यातही बऱ्याच लोकांना आपला पूर्वग्रह हा पूर्वग्रह वाटतच नाही, तो त्यांना व्यवहारज्ञान वाटतो. असा माणूस शपथेवर खोटे बोलत नसतो, आणि म्हणून तो पकडताही येत नाही.

चौथा प्रश्न तर उलट दिशेने काम करतो. फाशीला विरोध असणारे घरी जातात, आणि फाशीची हौस असणाऱ्यांना वेगळे काढणारा प्रश्न मात्र यादीत नाही.

---

निवांत

पानगळताई, प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली आहे.

---

भाकरीचंद्र

ज्यूरीचा धागा आणि अजून नानावटी आले नाहीत, हा या संस्थळावरचा विक्रम असावा.

---

राघू

आले. :)

भाकरीचंद्र यांनी विनोदाने लिहिले असले तरी तुलना उपयोगी आहे. १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या सत्र न्यायालयातील ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले, तेव्हा न्यायाधीश रतिलाल मेहता यांनी तो निकाल स्वीकारण्याऐवजी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ खाली प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. म्हणजे ज्यूरी वृत्तपत्रांच्या प्रचाराने वाहवली असे वाटले तर न्यायाधीशाला उपाय होता. रोन यांना तसा उपाय नव्हता का?

---

उलटतपासणी

होता, आणि तोच या प्रकरणाचा सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे. नव्याने खटला चालवण्याचा हुकूम देणे पूर्णपणे रोन यांच्या हातात होते आणि त्यासाठी फ्रँक निर्दोष आहे असे म्हणण्याचीही गरज नव्हती. ३१ ऑक्टोबर १९१३ रोजी अर्ज फेटाळताना ते काय म्हणाले, तर या खटल्याचा आपण इतर कोणत्याही खटल्यापेक्षा अधिक विचार केला, तरी हा माणूस दोषी आहे की निर्दोष याची आपल्याला खात्री नाही, परंतु आपली खात्री पटण्याची आवश्यकता नाही, ज्यूरीची खात्री पटली आहे.

आता हे वाक्य हेन्स्लीविषयीच्या प्रतिज्ञापत्रांशेजारी ठेवा. ज्या ज्यूरीच्या निःपक्षपातीपणावर आक्षेप आहे तिच्याच खात्रीवर न्यायाधीश स्वतःची शंका टेकवून मोकळे होतात. मग पुढचे न्यायालय म्हणते की पूर्वग्रहाच्या आरोपाची सत्यता ठरवणे हा खालच्या न्यायाधीशाचा विवेकाधिकार आहे आणि त्यात आम्ही हस्तक्षेप करणार नाही. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९१४ मध्ये चार विरुद्ध दोन मतांनी निकाल कायम केला. रोन यांनी ज्यूरीकडे बोट दाखवले, वरिष्ठ न्यायालयाने रोन यांच्याकडे, आणि क्लबात काय बोलले गेले याची चौकशी कोणाच्याच टेबलावर राहिली नाही.

---

कोर्टपक्षी

उलटतपासणी यांच्या शेवटच्या वाक्याला छोटा आक्षेप. वरच्या न्यायालयांनी हस्तक्षेप न करण्यामागे तर्क होता. साक्षीदाराचा चेहरा, आवाज, अडखळणे हे खालच्या न्यायाधीशाने पाहिलेले असते, म्हणून त्याच्या निष्कर्षाला मान दिला जातो. प्रत्येक हरलेल्या पक्षाने ज्यूररच्या जुन्या गप्पा उकरून काढल्या तर कोणताच निकाल कधी अंतिम होणार नाही, ही भीती खोटी नाही.

---

पानगळ

पण रोन यांनी त्या बाबतीत कोणाचाही चेहरा पाहिला नव्हता, त्यांनी कागद वाचले होते. कागद वरच्या न्यायालयालाही वाचता येतात. मान देण्याचे कारणच उरत नाही तेथे मान देण्याचा नियम मात्र उरला.

---

कोर्टपक्षी

हा मुद्दा निरुत्तर करणारा आहे.

---

अवकाळी

मला हेन्स्लीवरचा सगळा भर थोडा दिशाभूल करणारा वाटतो. एका शिवराळ विक्रेत्याला खलनायक केले की बाकीची खोली स्वच्छ असल्याचा आभास होतो, आणि ती तशी नव्हती.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलेल्या विरोधी मतात त्या खोलीचे वर्णन आहे. ज्यूरी सदस्यांना एकेक करून निकाल मान्य आहे का असे विचारायला सुरुवात झाली, आणि जेमतेम एकाला विचारून होते तोच बाहेर जयघोषाचा असा गदारोळ उठला की शांतता होईपर्यंत ते काम थांबवावे लागले. पुढेही गोंगाट इतका होता की सदस्य दहा फुटांवर असूनही त्यांची उत्तरे न्यायाधीशांना नीट ऐकू येत नव्हती. फ्रँक आणि त्याचे वकील त्या वेळी न्यायालयात नव्हतेच, कारण निर्दोष ठरल्यास किंवा ज्यूरीत मतभेद झाल्यास जमाव काय करील याची न्यायाधीशांना धास्ती होती आणि त्यांनीच वकिलांना तसे सुचवले होते. त्याआधी न्यायमूर्तींनी पोलीस प्रमुख आणि स्थानिक सैन्यदलाचा कर्नल यांच्याशी सल्लामसलत केली, तीही ज्यूरीच्या देखत.

एकेकाला विचारण्याचा उद्देश काय असतो? ज्या सदस्याने इतरांच्या दडपणाखाली होकार दिला असेल त्याला उघड न्यायालयात, आरोपीसमोर, माघार घेण्याची शेवटची संधी देणे. येथे आरोपी नाही, वकील नाही आणि खिडकीबाहेर जल्लोष चालला आहे. अशा वेळी हेन्स्लीच्या मनात काय होते यापेक्षा उरलेल्या अकरांपैकी कोणाच्या तोंडून ‘नाही’ निघू शकले असते का, हा प्रश्न मला मोठा वाटतो.

---

मोरपिशी

अवकाळी, सहमत, पण दोन्ही प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. घाबरलेला ज्यूरर आणि द्वेष करणारा ज्यूरर यांवर उपाय वेगळे असतात. घाबरलेल्यांसाठी खटला दुसऱ्या गावी हलवता येतो. द्वेष करणारा स्वतःबरोबर आपला द्वेष घेऊन कोठेही बसतो.

---

सांजवात

चर्चेत एक बाजू सुटली आहे. ज्यूरी बारा गोऱ्या पुरुषांची होती. मेरी फेगनसारख्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलींपैकी कोणी ज्यूरीत बसणे शक्य नव्हते, कारण स्त्रियांना तो अधिकारच नव्हता, आणि कृष्णवर्णीयांना प्रत्यक्षात बाहेर ठेवले जाई. या वगळण्याला त्या खटल्यात कोणीही पूर्वग्रह म्हटले नाही.

दुसरे असे की, ज्यांनी ज्यूद्वेषाची तक्रार केली त्याच बचाव पक्षाने कॉन्लीविषयी बोलताना त्याच्या वर्णावरून अत्यंत हीन भाषा वापरली, आणि काळ्या माणसाच्या शब्दावर गोऱ्या माणसाला फाशी देणार काय, असाच एकूण सूर लावला. म्हणजे पूर्वग्रहावर त्यांचा तत्त्वतः आक्षेप नव्हता, तो आपल्या अशिलाच्या विरोधात गेला यावर होता. कॉन्ली खोटे बोलत होता असे आज बहुसंख्य अभ्यासक मानतात आणि मलाही तसेच वाटते. तरीही त्याला खोटा ठरवण्यासाठी पुरावा असताना वर्णाचा आधार घेतला गेला, हे नोंदवणे आवश्यक आहे.

---

राघू

सांजवात यांच्या प्रतिसादाला जोडून थोडे अवांतर. ज्या सरकारी वकिलाने, ह्यू डॉर्सी यांनी, फ्रँकला फाशीपर्यंत नेले ते त्या लोकप्रियतेवर पुढे जॉर्जियाचे गव्हर्नर झाले, आणि पद सोडताना १९२१ मध्ये त्यांनीच राज्यातील कृष्णवर्णीयांवरील अत्याचारांची १३५ प्रकरणे मांडणारे निवेदन प्रसिद्ध केले. माणसाला एका खणात बसवता येत नाही.

---

निवांत

पुढे फ्रँकचे काय झाले ते कोणी पूर्ण सांगेल का? मला केवळ शेवट ठाऊक आहे.

---

तळटीप

निवांत, क्रम असा. एप्रिल १९१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी अर्ज फेटाळला. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने जमावाच्या दडपणाचा आरोप तपासून निराधार ठरवला आहे, तेव्हा दाद मागण्याची पुरेशी सोय होती, असे बहुमताचे म्हणणे. होम्स आणि ह्यूज विरोधात होते. दहशतीखालील ज्यूरीची संमती मिळाल्याने झुंडीचा कायदा हा रीतसर न्याय होत नाही, असे होम्स यांनी लिहिले. २१ जून १९१५ रोजी गव्हर्नर जॉन स्लेटन यांनी दहा हजारांहून अधिक पानांची कागदपत्रे पाहून फाशीची जन्मठेप केली. रोन यांनी मृत्यूपूर्वी शिक्षा सौम्य करण्याविषयी पत्र लिहिले होते, त्याचाही या निर्णयात वाटा होता. त्यानंतर १६ ऑगस्टच्या रात्री मिलेजव्हिलच्या तुरुंगातून सशस्त्र टोळीने फ्रँकला पळवले आणि १७ तारखेला सकाळी मॅरिएटाजवळ झाडाला लटकवले. कोणावरही खटला झाला नाही.

१९८२ मध्ये कारखान्यातील एकेकाळचा ऑफिसबॉय अलोन्झो मान याने सांगितले की त्या दिवशी आपण कॉन्लीला मेरीचा देह वाहून नेताना पाहिले होते. १९८६ मध्ये राज्याने फ्रँकला मरणोत्तर माफी दिली, पण ती राज्याने त्याचे संरक्षण केले नाही या कारणाखाली. दोषी की निर्दोष यावर भाष्य टाळले.

---

कोर्टपक्षी

स्लेटन यांच्याविषयी एक गोष्ट पुरवणी म्हणून. त्यांची वकिलीतील भागीदारी फ्रँकचे मुख्य वकील ल्यूथर रॉसर यांच्याशी होती, आणि विरोधकांनी त्याचे भांडवल केले. त्यांचा निर्णय मला योग्य वाटतो. पण क्लबातल्या गप्पांवरून हेन्स्लीला अपात्र मानायचे असेल, तर या भागीदारीकडे बोट दाखवणाऱ्यांना निव्वळ दुष्ट ठरवता येणार नाही.

---

मोरपिशी

फरक आहे. स्लेटन यांनी आपली कारणे लेखी, मुद्देसूद मांडली. ती कोणीही तपासून खोडून काढू शकतो. ज्यूरर एकच शब्द उच्चारतो आणि घरी जातो. कारणे द्यावी लागत नाहीत म्हणूनच त्याच्या निःपक्षपातीपणाची छाननी अधिक कडक हवी.

---

पानगळ

मूळ प्रश्नाकडे वळते, कारण नंतरच्या काळात त्याची उत्तरे शोधली गेली आहेत. १९२३ मध्ये आर्कान्सामधील कृष्णवर्णीयांच्या खटल्यांत, जेथे सुनावणी पाऊण तासात आणि ज्यूरीचा विचार पाच मिनिटांच्या आत आटोपला होता, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात होम्स यांनीच बहुमताचा निकाल लिहिला आणि जमावाच्या दडपणाच्या आरोपाची संघीय न्यायाधीशाने स्वतः तथ्ये पाहून चौकशी केली पाहिजे असे ठरले. १९६१ मध्ये इंडियानाच्या लेस्ली अर्विन याची खुनाची शिक्षा एकमताने रद्द झाली, कारण बारापैकी आठ सदस्यांनी निवडीच्या वेळीच तो दोषी वाटतो असे सांगितले होते. आपण निष्पक्ष राहू हे त्यांचे आश्वासन न्यायालयाने पुरेसे मानले नाही. आणि १९८२ मध्ये त्याच न्यायालयापुढे आलेल्या न्यूयॉर्कच्या एका खुनाच्या खटल्यात, खटला चालू असताना एका ज्यूररने सरकारी वकिलाच्याच कार्यालयात नोकरीसाठी अर्ज केल्याचे उघडकीस आले, तेव्हा निकाल कायम राहिला खरा, पण त्या ज्यूररला बोलावून, साक्ष घेऊन चौकशी झाली होती आणि अशी सुनावणी हाच योग्य मार्ग असे बहुमताने म्हटले.

---

राघू

नोकरीचा अर्ज करणारा ज्यूरर निष्पक्ष ठरला? मग हेन्स्लीही पिंजऱ्यात उभा राहून निष्पक्ष ठरलाच असता.

---

उलटतपासणी

कदाचित ठरलाही असता. सुनावणी घेतल्याने उत्तर बदलेल याची हमी नसते. परंतु त्याने क्लबातील संभाषण मुळातून नाकारले असते की फक्त त्याची तारीख नाकारली असती, हे उघड न्यायालयात समजले असते. ‘बोललो, पण नंतर’ हा बचाव उलटतपासणीत टिकवणे ‘बोललोच नाही’ यापेक्षा अवघड असते, कारण मग त्या दिवशी कोण समोर होते हेही सांगावे लागते, आणि एल्क्स क्लबात त्या वेळी बसलेल्या इतर सभासदांना बोलावता येते.

---

कोर्टपक्षी

आणि जोहॅनिंग? त्याच्याविषयी कोणीच काही लिहिले नाही.

---

तळटीप

त्याच्यावरचा आरोप सौम्य होता. खटल्याआधी त्याने ओळखीच्या कुटुंबाजवळ फ्रँक दोषी असल्याचे मत बोलून दाखवले, एवढाच. लटकवण्याची भाषा नव्हती, म्हणून तो इतिहासात मागे पडला. पानगळताईंनी दिलेल्या १९६१ च्या निकालाच्या कसोटीवर मात्र मला हेन्स्लीपेक्षा जोहॅनिंगच अधिक विचार करायला लावतो, कारण त्याच्यासारखे शांतपणे मत बनवून आलेले त्या बारांत आणखी किती होते, हे कोणत्याही प्रतिज्ञापत्रात आलेले नाही.